द्रुतगति बिनतारी आणि साधें ग्राहकयंत्र

ता. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. नागपूर तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. त्या काळीं व्हाल्व्हचा रेडिओ घरांत असणें ही थोड्यांच्याच ऐपतींतली गोष्ट होती. परंतु अशा केंद्राच्या जवळपास राहणाऱ्या मनुष्यास तेथील बोलणें ऐकण्यासाठीं व्हाल्व्हच पाहिजेत असें मुळींच नव्हतें. छपरावर ताणलेली एक लांब तार, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेलें तांब्याच्या तारेचें वेटोळें, गॅलिना नांवाच्या शिशाच्या खनिजाचा हरभऱ्याएवढा खडा, त्या खड्यावर टेकणारें बारीक तारेचें टोक आणि कानाला लावण्याचें श्रवणयंत्र, एवढ्या सामग्रीवर काम भागत असे. बॅटरी नाहीं, वीज नाहीं. कानांत जो आवाज उमटे त्याला लागणारी सर्व शक्ति केंद्राकडूनच लहरींवर बसून आलेली असे. याहून साधें ग्राहकयंत्र बिनतारीच्या इतिहासांत क्वचितच सांपडेल.

हा साधेपणा शक्य झाला तो खड्याच्या गुणानें जेवढा, त्याहून अधिक प्रक्षेपकाच्या जोरानें. सांगणारा खणखणीत ओरडला म्हणजे ऐकणाराचे कान तिखट असावे लागत नाहींत. या ओरडण्याचा कळसहि नागपुरास पाहावयास मिळाला. १८ मे १९८८ रोजीं आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरहून सुरू झाली. तिच्यासाठीं १५६६ किलोहर्ट्झवर चालणारा १००० किलोवॅट शक्तीचा प्रक्षेपक उभारलेला होता. ती वाहिनी पुढें बंद झाली. पण हा आंकडा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे, कारण प्रस्तुत विषय त्याच्या अगदीं उलट टोकास आहे. ज्या बिनतारीविषयीं येथें सांगावयाचें आहे तिच्या प्रक्षेपकाला एक मिलिवॅट, म्हणजे वॅटचा हजारावा भाग, एवढी शक्तिसुद्धां वापरण्याची मुभा नाहीं. असें असतां ऐकणाराचें यंत्र मात्र खड्याच्या यंत्रासारखें साधें, स्वस्त आणि थोड्या विजेवर चालणारें हवें आहे. ही मागणी पुरी कशी व्हावी, हा प्रश्न गेलीं वीस-पंचवीस वर्षें अनेक देशांतील संशोधकांपुढें आहे.

या बिनतारीला इंग्रजींतून आलेलें नांव अल्ट्रा-वाइडबँड असें आहे. मराठींत तिला अतिविस्तृत पट्ट्याची बिनतारी म्हणतां येईल. नेहमींच्या नभोवाणीत प्रत्येक केंद्रास कंपनसंख्येची एक अरुंद गल्ली नेमून दिलेली असते. आपल्याकडे मध्यमलहरींवर दोन शेजारच्या गल्ल्यांत अवघें ९ किलोहर्ट्झचें अंतर आहे. अतिविस्तृत पट्ट्याची बिनतारी गल्ली मागतच नाहीं. ती सारें मैदानच व्यापते. अमेरिकेच्या संदेशवहन आयोगानें १४ फेब्रुवारी २००२ रोजीं तिला ३.१ पासून १०.६ गिगाहर्ट्झपर्यंतचा, म्हणजे ७५०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा मोकळा करून दिला. आपल्या मध्यमलहरीच्या आठ लाखांहून अधिक गल्ल्या त्यांत मावतील!

परंतु एवढें मैदान ओसाड थोडेंच पडलें होतें? त्यांत उपग्रहांचे संदेश, रडार, आणि घरोघरचें वाय-फाय असे अनेक पूर्वींचे रहिवासी होते. म्हणून अट अशी घातली कीं नव्या पाहुण्यानें कोणाच्याहि कानास जाणवूं नये इतक्या हळू बोलावें. प्रत्येक मेगाहर्ट्झ रुंदीमागें सुमारें ७४ नॅनोवॅट, म्हणजे वॅटचे ७४ अब्जांश, एवढीच शक्ति त्यास दिली. संपूर्ण पट्टा वापरला तरी बेरीज अर्ध्या मिलिवॅटच्या थोडी वर जाते. रेडिओच्या तोंडावर जो इवलासा तांबडा दिवा लागतो त्यास याहून कितीतरी पट अधिक वीज लागते. नागपूरचा तो प्रक्षेपक या कुजबुजीच्या सुमारें एकशेंऐशी कोटी पट जोरानें बोलत असे.

कुजबूज असली तरी तिचा एक मोठा गुण आहे. पट्टा जेवढा रुंद, तेवढा स्पंद आखूड करतां येतो. ५०० मेगाहर्ट्झचा पट्टा मिळाला तर विजेचा एक स्पंद सुमारें दोन नॅनोसेकंदांत उरकतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. एवढ्या वेळांत प्रकाश जेमतेम एक फूट चालतो. असे आखूड स्पंद एकापाठोपाठ एक सोडले तर सेकंदास कोट्यवधि संकेत खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला पाठवितां येतील, अशी आशा २००२ च्या सुमारास सर्वांस वाटूं लागली.

खरें पाहतां आखूड स्पंदांची ही विद्या नवी नव्हे. १८८७-८८ च्या सुमारास जर्मनींत हर्ट्झनें ठिणगी पाडून ज्या लहरी प्रथम निर्माण केल्या, त्या अशाच पसरट होत्या. १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्यें जगदीशचंद्र बसूंनीं भिंतीआड लहरी पाठवून घंटा वाजविली व पिस्तूल उडविलें, तींहि ठिणगीच्याच बळावर. ज्या गॅलिनाचा आरंभीं उल्लेख आला त्याच्या ग्राहकाचें अमेरिकन पेटंट १९०४ सालीं बसूंनाच मिळालें, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाहीं. ठिणगीचा पसारा पुढें अडचणीचा झाला, एकाचा संदेश दुसऱ्याच्या कानांत शिरूं लागला, आणि बिनतारी गल्ल्यांत विभागली गेली. शंभर वर्षांनीं शास्त्र पुन्हा मैदानांत उतरलें, एवढाच काय तो फेरा. मात्र ठिणगीच्या काळीं प्रक्षेपकाला ओरडण्याची मोकळीक होती.

आतां ग्राहकयंत्राकडे वळूं. त्याची खरी अडचण कुजबूज ही नसून प्रतिध्वनि ही आहे. महाल भागांतील एखाद्या जुन्या वाड्याचा चौसोपी कल्पावा. एका सोप्यांतून निघालेला स्पंद समोरच्या सोप्यांत सरळ तर पोंचतोच. शिवाय भिंतीवर, फरशीवर, तुळयांवर, लोखंडी कपाटावर आपटूनहि पोंचतो. तीन मीटर अधिक फिरून आलेली प्रत दहा नॅनोसेकंद उशिरा येते. लांब लहरीच्या नभोवाणीला एवढा उशीर कळतसुद्धां नाहीं. पण दोन नॅनोसेकंदांच्या स्पंदास दहा नॅनोसेकंद म्हणजे पांच आयुष्यें. म्हणून पाठविलेला एक स्पंद पोंचतांना एक राहत नाहीं. त्याच्या लहानमोठ्या दहावीस प्रती पन्नास-पन्नास नॅनोसेकंदांपर्यंत ओघळत राहतात, आणि मुळांतच तुटपुंजी असलेली शक्ति त्या सर्वांत वांटली जाते. केवळ पहिली प्रत धरावी तर हातीं फार थोडें लागतें. सर्व प्रती गोळा कराव्यात तर कोणती केव्हां येईल आणि केवढी असेल, हें आधीं ठाऊक पाहिजे.

प्रती गोळा करण्याची रीत १९५८ सालीं प्राइस व ग्रीन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केली. तिचें नांव मोठें शेतकी थाटाचें आहे: रेक, म्हणजे दंताळें. दंताळ्याचा प्रत्येक दांत एकेका प्रतीवर बसवावयाचा, तिचें मोजमाप घ्यावयाचें, आणि सर्वांनीं ओढून आणलेलें पीक एका ढिगांत रचावयाचें. रीत बिनचूक आहे, आणि शुद्ध गणिताच्या दृष्टीनें याहून सरस दुसरी नाहीं. पण दांत जितके अधिक तितकीं मोजमापें अधिक. तीं सर्व मोजमापें अंकांत करावयाचीं म्हटल्यास ७५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठीं दर सेकंदास पंधरा अब्ज नोंदी घ्याव्या लागतात. कोणी घर बदललें, नव्हे नुसतें कपाटाचें दार उघडलें, तरी मापें पुन्हा घ्यावयाचीं. अर्ध्या मिलिवॅटचें बोलणें ऐकावयास त्याच्या शेंकडों पट शक्ति खाणारें यंत्र बाळगणें हा द्राविडी प्राणायाम होय. भिंतीवर चिकटविलेल्या तापमापकास किंवा रुग्णाच्या छातीवर बांधलेल्या नाडीमापकास तर तें परवडणारच नाहीं. तेथें एका लहानशा बॅटरीवर महिनेच्या महिने काढावयाचे असतात.

मग संशोधकांनीं खड्याकडे पुन्हा पाहिलें. खडा लहरीचा आकार ओळखीत नसे. लहर आली कीं नाहीं आणि किती जोरानें, एवढेंच तो सांगत असे. तसेंच येथें करावें. ठराविक वेळाची एक खिडकी उघडावी, तींत जें काय येईल त्याचा वर्ग करून बेरीज घ्यावी, आणि बेरीज मोठी आली तर स्पंद आला असें समजावें. आलेल्या प्रती कोणत्या क्रमानें आल्या, सुलट आल्या कीं उलट, याची चौकशी नाहीं. त्याहून चांगलें म्हणजे लागोपाठ दोन खिडक्या ठेवाव्यात. स्पंद पहिलींत आला तर एक अक्षर, दुसरींत आला तर दुसरें. म्हणजे किती बेरजेस मोठी म्हणावें हा वादहि मिटतो, दोहोंची तुलना केली कीं झालें. दंताळ्याचे सर्व दांत, सर्व मोजमापें, एका फटक्यांत रद्द.

याहून चतुर अशी दुसरी एक युक्ति आहे. ती पुष्कळ जुनी असली तरी अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉक्टर व टॉमलिन्सन यांनीं २००२ सालीं ती या नव्या बिनतारीस लावून दाखविली. प्रक्षेपकानें एक स्पंद न पाठवितां दोन पाठवावयाचे. पहिला कोरा, त्यांत संदेश नाहीं, तो केवळ मासला. थोड्या ठराविक वेळानें दुसरा. तो पहिल्यासारखा सुलट असला तर एक अक्षर, उलट असला तर दुसरें. दोघेहि त्याच वाड्यांतून, त्याच भिंतींवर आपटत आलेले असल्यामुळें दोघांचे हाल अगदीं सारखे झालेले असतात. ग्राहकयंत्रानें पहिला तेवढा वेळ थोपवून धरावा, दुसऱ्याशीं गुणावा, आणि गुणाकाराचें चिन्ह पाहावें.

कोणत्याहि शाळेंतील परीक्षक ही युक्ति ओळखील. दोन मुलांच्या उत्तरपत्रिकांत गणित चुकलें आहे एवढ्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं. पण दोघांचें एकाच पायरीवर, एकाच तऱ्हेनें, एकाच आंकड्यानें चुकलें असेल तर त्या दोन पत्रिकांचा संबंध उघड होतो. त्यासाठीं परीक्षकास बरोबर उत्तर ठाऊक असण्याचीहि जरुरी नाहीं. ग्राहकयंत्र येथें नेमकें हेंच करतें. मूळ स्पंद कसा होता, वाड्याला भिंती किती, हें त्यास ठाऊक नाहीं. दोन चुकांचें साम्य तेवढें तें पाहतें. प्रतिध्वनि जे शत्रु होते तेच साक्षीदार होतात.

अर्थात् कांहीं फुकट मिळत नाहीं. शक्ति आधींच थोडी, तिचा निम्मा भाग माशल्यावर खर्च झाला, हा पहिला तोटा. दुसरा तोटा अधिक मोठा आहे. दंताळ्याच्या यंत्राजवळचा नमुना पुष्कळ मोजमापांची सरासरी घेऊन स्वच्छ केलेला असतो. येथील मासला मात्र वाटेंत आलेल्या खरखरीसह येतो. त्यास दुसऱ्या स्पंदाशीं गुणलें म्हणजे खरखर खरखरीशींहि गुणली जाते, आणि खिडकी जितकी लांब तितकी ती साठत जाते. खड्याच्या रीतींतहि हाच दोष आहे. दोन नॅनोसेकंदांचा स्पंद पकडण्यासाठीं पन्नास नॅनोसेकंदांची खिडकी उघडी ठेवली तर संकेत एकच राहतो, खरखर मात्र पंचवीस पट वेळ आंत येत राहते. खिडकी लहान केली तर उशिराच्या प्रती बाहेर राहतात. खिडकी केवढी असावी हा या विषयांतील अत्यंत किरकोळ दिसणारा, पण संशोधकांस सर्वांत अधिक छळणारा प्रश्न आहे.

तिसरी अडचण ऐकून हंसूं येईल. पहिला स्पंद थोपवून कसा धरावा? अंकांत रूपांतर केलें तर धरतां येतो, पण तेंच तर टाळावयाचें आहे. जशाचा तसा धरावयाचा तर त्याला लांबचा फेरा मारावयास लावला पाहिजे, आणि नेहमींच्या तारेंत लहर नॅनोसेकंदास सुमारें वीस सेंटिमीटर जाते. पन्नास नॅनोसेकंद थोपविण्यास दहा मीटर तार! नखाएवढ्या चकतींत बसणाऱ्या यंत्राच्या पोटांत दहा मीटर तारेचें भेंडोळें कोठें ठेवावें? गोकल व झँग या संशोधकांनीं २००७ सालीं यावर एक सुंदर तोड प्रसिद्ध केली. मासला आधीं आणि संदेश मागून, असें न करतां दोन्ही एकाच वेळीं पाठवावेत. फक्त एकाची कंपनसंख्या दुसऱ्याहून अगदीं किंचित् सरकवावी. ग्राहकयंत्र आलेल्या सर्वांचा वर्ग करतें, आणि त्या किंचित् फरकाचा सूर त्यांतून गाळून घेतें. तार नाहीं, थोपविणें नाहीं. शास्त्रांतील साधेपणा हा पुष्कळदां अशाच रीतीनें, अवघड भाग सोडवून नव्हे तर त्याला वळसा घालून, हातीं येतो.

येथवर सर्व ठीक आहे. पण एक शब्द अजून बाकी राहिला, तो द्रुतगति हा. सेकंदास दहा लाख संकेत पाठवावयाचे असतील तर प्रत्येकास एक हजार नॅनोसेकंद मिळतात. स्पंद येतो, त्याच्या प्रती पन्नास नॅनोसेकंद घुमतात, मग सर्वत्र शांतता होते, आणि पुढचा स्पंद सावकाश निघतो. परंतु सेकंदास ४८ कोटी संकेत पाहिजे असतील तर प्रत्येकाच्या वांट्यास जेमतेम दोन नॅनोसेकंद येतात. पहिल्याचे प्रतिध्वनि विरण्यापूर्वीं पंचवीस संकेत मागून येऊन पोंचतात. घुमटाखालीं उभा राहून कोणी भरभर बोलूं लागला तर जें होतें तेंच येथें होतें. शब्द ऐकूं येतात, वाक्य कळत नाहीं. खड्याचें यंत्र तर केवळ बेरीज घेणारें. कोणता अंश कोणाचा हें त्यास कसें कळावें? माशल्याच्या यंत्राची गत फारशी निराळी नाहीं. गोकल-झँग यांची तोडहि येथें लटकी पडते, कारण संकेत जितके जलद तितकी सरक मोठी घ्यावी लागते, आणि सरक मोठी झाली कीं मासला व संदेश यांचे वाटेंतील हाल सारखे राहत नाहींत. परीक्षकाची सारी भिस्त तर त्या सारखेपणावरच होती.

यावर दोन मार्ग विशेष विचारणीय आहेत. एक असा: घाई एकट्यानें न करतां अनेकांनीं मिळून सावकाश चालावें. रुंद पट्ट्याच्या अनेक उभ्या चिरफळ्या कराव्यात, प्रत्येक चिरफळींत खड्यासारखा एकेक साधा ग्राहक ठेवावा, आणि प्रत्येकानें आपापल्यापुरते संकेत संथपणें, मागील घुमणें संपल्यावर, घ्यावेत. वीस चिरफळ्या असल्या तर वेग वीस पट. फ्रान्समधील संशोधकांनीं २००४ सालींच असें यंत्र सुचविलें होतें. साध्या यंत्रांची संख्या वाढते खरी, पण प्रत्येक साधेंच राहतें. दुसरा मार्ग असा कीं शहाणपण ऐकणाराकडून काढून बोलणाराकडे द्यावें. भिंतीला टांगलेल्या प्रक्षेपकास घरची वीज मिळते. मोजमापें त्यानें करावीत, आणि स्पंदाचा आकार आधींच असा वांकडा करून सोडावा कीं प्रतिध्वनींनीं तो वाटेंत सरळ होऊन ग्राहकाच्या दारीं एका क्षणीं एकवटावा. खड्याच्या रेडिओचा न्याय येथें पुन्हा लागू होतो: एकाची सोय दुसऱ्याच्या श्रमांवर. फक्त त्या काळीं बोलणारा शक्ति खर्ची घाली. येथें त्यास बुद्धि खर्ची घालावी लागते.

बाजारांत मात्र झालें तें वेगळेंच. २००२ नंतर मोठमोठ्या कंपन्यांनीं वेगाचाच ध्यास घेतला. सर्वांचें मिळून एक प्रमाण ठरविण्यासाठीं अमेरिकेंत जी समिति नेमली होती तिच्यांत दोन तट पडले, आणि जानेवारी २००६ मध्यें कांहींहि न ठरवितां तिनें आपलें काम आवरलें. त्यांपैकीं एका तटाचें, सेकंदास ४८ कोटी संकेतांचें प्रमाण युरोपांतील एका संस्थेनें डिसेंबर २००५ मध्यें प्रसिद्ध केलेलें होतेंच. तें ५२८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत १२८ सूक्ष्म वाहक लहरी बसवी. त्याचें ग्राहकयंत्र कुशल होतें, पण साधें नव्हतें. थोड्याच वर्षांत वाय-फायनें वेगांत मजल मारली, आणि ती महाग यंत्रें दुकानांत दिसेनाशीं झालीं. वेगाच्या हांवेपायीं साधेपणाला दुय्यम लेखलें, ही त्या मंडळींची चूक म्हणावी लागेल.

याच सुमारास, २००७ सालीं, मंद गतीसाठीं एक दुसरें प्रमाण मंजूर झालें. त्याविषयीं वर्तमानपत्रांत कोणी चार ओळीहि लिहिल्या नाहींत. त्यांत सक्तीचा वेग सेकंदास अवघा साडेआठ लाख संकेतांचा. एका संकेतास सुमारें एक हजार नॅनोसेकंद, त्याचे दोन अर्धे भाग. स्पंदांचा झुबका पहिल्या भागांत आला कीं दुसऱ्या, यावरून अक्षर ओळखावयाचें. झुबक्यानंतर घुमण्यासाठीं मोकळी जागा राखलेली. हें झालें साध्या यंत्रासाठीं. शिवाय त्याच झुबक्यांतील स्पंद सुलट आहेत कीं उलट, यांतहि आणखी एक खूण गुंफलेली आहे. ती खड्याच्या जातीच्या यंत्रास दिसत नाहीं आणि न दिसल्यानें त्याचें अडतहि नाहीं. दंताळ्याच्या जातीचें महाग यंत्र ती वाचून घेतें व अधिक अचूक ऐकतें. एकच प्रक्षेपण, आणि तें ऐकणारीं दोन ऐपतींचीं यंत्रें. या घराण्यांतील पुढचें प्रमाण २०२० सालीं निघालें. २०१९ पासून कांहीं मोबाइल फोनांत जी अतिविस्तृत पट्ट्याची चकती बसूं लागली, ती याच वंशांतली होय. वेगासाठीं नव्हे, तर स्पंद येण्याजाण्यास किती नॅनोसेकंद लागले हें मोजून हरवलेली किल्ली कोणत्या खोलींत, कोणत्या उशीखालीं पडली आहे, हें सांगण्यासाठीं ती तेथें आहे.